शिक्षेआधी उच्चारलेले शब्द

२० जुलै २००९, सोमवार. मुंबईतील आर्थर रोड कारागृहाच्या आवारात खास उभारलेल्या न्यायालयात नेहमीप्रमाणे साक्षीपुराव्याचे काम चालू होते. न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्यासमोर तोवर शंभराहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या झाल्या होत्या. अशा वेळी आरोपीच्या पिंजऱ्यातील एकवीस-बावीस वर्षांचा तरुण उठून उभा राहिला आणि आपल्याला काही सांगावयाचे आहे, असे म्हणाला. आपला गुन्हा आपल्याला कबूल आहे, असे सांगून त्याने कराचीहून निघण्यापासून छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील गोळीबारापर्यंतची हकिकत सांगावयास सुरुवात केली. त्याच्या वकिलालाही याची आगाऊ कल्पना नव्हती. तो आरोपी म्हणजे २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत हाती लागलेला एकमेव हल्लेखोर, मोहम्मद अजमल कसाब.

या कबुलीला तत्काळ हरकत घेतली ती विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी. निकम आमच्या जळगावचे. तेथील मणियार विधी महाविद्यालयात ते शिकले आणि तेथल्याच न्यायालयांत त्यांची वकिली घडली. त्यामुळे त्या दिवसांत खान्देशातल्या चहाच्या टपरीपासून चर्चच्या अंगणापर्यंत हा खटला आपल्या घरचा असल्यासारखा बोलला जाई. निकम यांचे म्हणणे असे की, ही कबुली अर्धवट आहे. स्वतःचा वाटा कमी दाखवून शिक्षा सौम्य करून घेण्याची ही युक्ती आहे. दोन दिवसांनी आरोपीने त्याला उत्तर दिले. फाशी चुकविण्यासाठी मी हे बोलतो आहे असे कोणाला वाटत असेल, तर मला खुशाल फाशी द्यावी. जे केले ते या जगात केले, तेव्हा शिक्षाही याच जगात व्हावी, देवाच्या हातून होणाऱ्या शिक्षेपेक्षा ती बरी, अशा आशयाचे ते बोलणे होते.

मी वकील नाही. पण पापनिवेदन ऐकण्यात ज्याच्या आयुष्याची दोन-अडीच तपे गेली, त्या माणसाच्या कानाला हे शेवटचे वाक्य निराळे ऐकू येते. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. आरोपी शिक्षेआधी न्यायालयासमोर जे बोलतो, त्याने शिक्षेच्या पारड्यात खरोखर काही फरक पडतो काय? आणि पडत असेल, तर न्यायालय नेमके काय तोलते, सत्य की पश्चात्ताप?

कायद्याच्या काटेकोर भाषेत मुंबईचा खटला हा युद्धगुन्ह्यांचा खटला नव्हता, हे आधीच सांगून टाकले पाहिजे. तथापि त्यातील एक मुख्य आरोप भारतीय दंडविधानाच्या १२१ व्या कलमाखालचा, म्हणजे देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा होता. हे कलम आपल्या इतिहासात जुने आहे. १९४५ च्या अखेरीस लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लाँ यांच्यावर लष्करी न्यायालयापुढे जो खटला चालला, त्यातही मुख्य आरोप बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचाच होता. तिघांनीही आपापली निवेदने केली. भुलाभाई देसाई यांनी अप्रतिम बचाव केला. तरी युद्ध पुकारल्याबद्दल तिघांनाही जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती पुढे सरसेनापती ऑकिन्लेक यांनी जानेवारी १९४६ मध्ये माफ केली, पण ते काम आरोपींच्या शब्दांनी केले नव्हते. किल्ल्याबाहेर देश पेटला होता.

मराठी माणसाला 'न्यायालयातील निवेदन' म्हटले की प्रथम आठवते ते २२ जुलै १९०८ च्या रात्रीचे, मुंबई उच्च न्यायालयातले. लोकमान्य टिळकांनी त्या खटल्यात स्वतःच स्वतःचा बचाव केला आणि तब्बल एकवीस तासांहून अधिक काळ ते ज्युरीसमोर बोलले. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. शिक्षेपूर्वी काही सांगावयाचे आहे काय, असे रिवाजाप्रमाणे विचारले गेले, तेव्हा टिळकांनी मोजकी वाक्ये उच्चारली. ज्युरीने काहीही म्हटले तरी आपण निर्दोष आहोत; माणसांच्या व राष्ट्रांच्या भवितव्यावर याहून श्रेष्ठ अशा शक्तींची सत्ता आहे; आपण मोकळे राहण्यापेक्षा आपल्या यातनांनीच आपले कार्य वाढीस लागावे, अशी ईश्वरी इच्छा असू शकेल. हे ऐकणारे न्यायमूर्ती दिनशा दावर म्हणजे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी स्वतः वकील म्हणून उभे राहिलेले गृहस्थ. त्यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि एक हजार रुपये दंडाची शिक्षा सुनावली. असले लेख राजकीय चळवळीचे न्याय्य साधन आहेत असे ज्याला वाटते त्याचे मन विकृतच असले पाहिजे, असेही ते त्या वेळी म्हणाले. म्हणजे एकवीस तासांचा युक्तिवाद आरोपीच्या बाजूला पडण्याऐवजी उलट त्याच्या विरुद्ध पडला. आपण चुकलो असे न म्हणणारा आरोपी न्यायासनाला अधिक धोकादायक वाटतो, हा धडा आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्याच न्यायालयात टिळकांचे ते शब्द कोरलेली शिळा बसविण्यात आली. ज्या शब्दांनी शिक्षा तसूभरही कमी झाली नाही, ते आज ती शिक्षा दिली गेली त्याच दालनाबाहेर वाचावयास मिळतात.

चौदा वर्षांनी, १८ मार्च १९२२ रोजी, अहमदाबादेत याच्या अगदी उलटे घडले. गांधीजींनी सर्व आरोप कबूल केले आणि न्यायाधीशांना सांगितले की, एकतर राजीनामा द्या, नाहीतर कायद्यातील सर्वांत कठोर शिक्षा द्या. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी त्यांचा मोठा गौरव केला; पण शिक्षेचे माप शोधताना त्यांनी हात घातला तो टिळकांच्याच खटल्यात, आणि सहा वर्षेच दिली. टिळकांच्या पंक्तीला बसविल्याबद्दल गांधीजींनी धन्यता व्यक्त केली. या परंपरेचे पडसाद आमच्या धुळ्याच्या तुरुंगापर्यंत आले. १९३२ साली तेथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. त्या पिढीला न्यायालयातील बोलणे हे शिक्षा कमी करण्याचे साधन वाटतच नव्हते. न्यायासनाकडून काहीच मागावयाचे नाही, हे एकदा ठरले की माणूस फार मोकळेपणाने बोलतो.

पण ज्याचे हात निरपराध्यांच्या रक्ताने खरोखरच माखले आहेत, त्याच्या बाबतीत हे सगळे माप निरुपयोगी ठरते. तेथे न्यूरेंबर्गकडे जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या प्रमुख नेत्यांवर जो खटला चालला, त्याच्या सनदेतच प्रत्येक आरोपीला अखेरचे निवेदन करण्याचा अधिकार दिलेला होता. ३१ ऑगस्ट १९४६ रोजी एकवीस आरोपी एकामागून एक बोलले. बहुतेकांनी आपल्याला काही माहीत नव्हते असे सांगितले, किंवा हुकमाचे ताबेदार म्हणून हात झटकले. दोघे मात्र निराळे होते.

हान्स फ्रांक हा व्याप्त पोलंडचा गव्हर्नर. तुरुंगात असताना त्याने कॅथॉलिक धर्मात प्रवेश केला होता. अमेरिकन सैन्याचे धर्मगुरू सिक्स्टस ओ'कॉनर त्याला भेटत असत. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात साक्षीच्या पिंजऱ्यातून त्याने सांगितले की, हजार वर्षे लोटली तरी जर्मनीचे हे पातक पुसले जाणार नाही. सारे न्यायालय स्तब्ध झाले. परंतु ऑगस्टमधील अखेरच्या निवेदनात त्यानेच ते शब्द मागे घेतले. जर्मन लोकांवर शत्रूंनी केलेल्या अत्याचारांनी ते पातक आताच पुसले गेले आहे, असे तो म्हणाला. १६ ऑक्टोबर १९४६ रोजी त्याला फाशी झाली.

दुसरा आल्बर्ट श्पेअर. सभ्य, सुशिक्षित, स्थापत्यविशारद, युद्धसामग्रीचा मंत्री. राजवटीच्या कृत्यांची सामुदायिक जबाबदारी त्याने स्वीकारली आणि त्याला वीस वर्षांची कैद मिळाली. त्याच्या कारखान्यांना लाखो वेठबिगार पुरविणारा झाउकेल फासावर गेला. मजूर मागणारा श्पेअर १९६६ साली तुरुंगाबाहेर आला. निकालपत्रात त्याच्या बाजूने नोंदलेल्या गोष्टी आहेत त्या अशा : युद्ध हरल्याचे त्याने हिटलरला तोंडावर सांगितले, आणि अखेरच्या काळात देशाची विनाकारण राखरांगोळी करण्याच्या हुकमाला त्याने अडथळा आणला. जबाबदारी स्वीकारल्याचा उल्लेख त्यात नाही. तरीही त्या शालीन निवेदनाचा न्यायाधीशांच्या मनावर काहीच परिणाम झाला नसेल, असे मला म्हणवत नाही. ज्यूंच्या संहाराची आपल्याला माहिती नव्हती, हे त्याचे पालुपद मात्र शेवटपर्यंत राहिले, आणि ते खोटे होते. १९७१ साली त्याने लिहिलेले एक पत्र २००७ मध्ये उजेडात आले. पोझेन येथे हिमलरने ज्या भाषणात तो संहार उघड बोलून दाखविला, तेथे आपण हजर होतो, हे त्यात त्याने स्वतःच लिहिले आहे.

या दोघांशेजारी मी नेहमी एका तिसऱ्याला उभा करतो. रुडॉल्फ ह्योस, ऑश्विट्झ छळछावणीचा प्रमुख. त्याच्यावर १९४७ साली वॉर्सा येथे खटला चालला आणि २ एप्रिल रोजी फाशीची शिक्षा झाली. त्यानंतर त्याने धर्मगुरूची मागणी केली. वाडोवित्से येथील तुरुंगात (पोप जॉन पॉल दुसरे ज्या गावी जन्मले तेच हे गाव) येशूसंघीय धर्मगुरू व्लादिस्लाव लोन यांनी त्याचे पापनिवेदन ऐकले आणि त्याला ख्रिस्तशरीर दिले. १२ एप्रिलला त्याने पोलिश जनतेची क्षमा मागणारे निवेदन लिहून दिले, आणि १६ एप्रिलला त्याला ऑश्विट्झमध्येच फाशी झाली. त्याच्या त्या निवेदनाने शिक्षेत काही बदल होण्याचा प्रश्नच नव्हता. शिक्षा आधीच झाली होती. म्हणूनच कदाचित तिघांमध्ये त्याच्याच शब्दांवर विश्वास ठेवावासा वाटतो. फायदा व्हावयाचा शिल्लक उरला नव्हता. न्यायालयाची अडचण नेमकी येथे आहे. ते आरोपीला बोलावयास सांगते ते अशा क्षणी, ज्या क्षणी बोलण्याचा त्याला सर्वांत जास्त लाभ असतो.

या अडचणीतून मार्ग काढण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न झाला तो हेग येथे, युगोस्लावियासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात. तेथे गुन्हा कबूल करण्याच्या पद्धतीला रीतसर नियम घालून देण्यात आले. कबुली स्वेच्छेची हवी, समजून-उमजून दिलेली हवी, आणि निःसंदिग्ध हवी.

ड्राझेन एर्देमोविच हा बोस्नियातील क्रोएट तरुण, पण नोकरी करीत होता बोस्नियन सर्बांच्या सैन्यात. १६ जुलै १९९५ रोजी स्रेब्रेनित्साच्या पाडावानंतर ब्रान्येवो येथील शेतावर बसमधून आणलेल्या शेकडो मुसलमान पुरुषांना व मुलांना गोळ्या घालणाऱ्या तुकडीत तो होता. आपल्या हातून सुमारे सत्तर माणसे मेली असतील, असा त्याचा स्वतःचा अंदाज. तो स्वतः होऊन बोलला नसता, तर त्याचे नाव कदाचित कोणाला कळलेही नसते. मे १९९६ मध्ये त्याने रडत रडत गुन्हा कबूल केला. नकार दिला असता तर त्या माणसांबरोबर मलाही मारले असते, हे त्याने सांगितले. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. अपिलात असे ठरले की, मानवतेविरुद्धचा गुन्हा आणि युद्धनियमांचा भंग या दोन आरोपांतील फरक त्याला कोणी नीट समजावून सांगितला नव्हता. सबब ती कबुली समजून-उमजून दिलेली नव्हे. त्याने पुन्हा कबुली दिली, आणि मार्च १९९८ मध्ये शिक्षा पाच वर्षांवर आली. त्याचे तरुण वय, त्याच्यावरील जबरदस्ती, त्याचा पश्चात्ताप आणि त्याने केलेले सहकार्य, हे सर्व विचारात घेतले गेले. सत्तर माणसांना पाच वर्षे! हा हिशेब मलाही पचत नाही. पण दुसरी बाजू अशी की, त्याने जागा सांगितल्या. माती उकरल्यावर प्रेते निघाली. कित्येक आयांना आपल्या मुलांचे काय झाले हे कळावयास जी वाट मिळाली, तिचा आरंभ या माणसाच्या बोलण्यात होता.

बिलियाना प्लाव्शिच यांची कथा याच न्यायाधिकरणातली. बोस्नियन सर्बांच्या त्या बड्या नेत्या. काही काळ अध्यक्षपदीही होत्या. २००२ साली त्यांनी छळाचा आरोप कबूल केला, त्याबरोबर वंशसंहाराचे आरोप मागे घेण्यात आले. डिसेंबरात त्यांनी जे खेदनिवेदन केले, ते वाचताना आजही मन हलते. मात्र इतरांविरुद्ध साक्ष देण्यास त्यांनी नकार दिला. फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांना अकरा वर्षांची शिक्षा झाली. २००९ साली स्वीडनमधील तुरुंगातून एका मासिकाला मुलाखत देताना त्यांनी सांगून टाकले की, ती कबुली म्हणजे सौदा होता, मनापासून नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोन-तृतीयांश शिक्षा भोगून त्या सुटल्या. एर्देमोविचकडून न्यायालयाला मृतांचा ठावठिकाणा मिळाला, प्लाव्शिचबाईंकडून केवळ सुंदर शब्द. आणि त्या शब्दांनाही न्यायालयाने मोल दिले.

आता पुन्हा मुंबईकडे येऊ.

आपल्याकडील कायद्याने १९७४ पासून दोषी ठरलेल्या आरोपीला शिक्षेच्या प्रमाणाविषयी वेगळे बोलू देण्याची सक्तीच केली. फौजदारी प्रक्रिया संहितेचे २३५ (२) हे ते कलम. संता सिंगच्या खटल्यात (१९७६) सर्वोच्च न्यायालयाने, हे विचारणे म्हणजे उपचार नव्हे, असे बजावून आरोपीची शिक्षा रद्द केली आणि त्याचे ऐकून घेण्यासाठी खटला परत खालच्या न्यायालयाकडे पाठविला. पुढे १९८० च्या बच्चन सिंग निकालाने फाशी केवळ 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रसंगी द्यावी, आणि त्याआधी आरोपी सुधारण्याची शक्यता पाहावी, असे ठरविले. २०२४ च्या जुलैपासून जुनी संहिता जाऊन नवी आली, तरी हे ऐकून घेणे कायम आहे.

कसाबच्या बाबतीत एक निवेदन नव्हते, तीन होती, आणि ती एकमेकांशी भांडणारी होती. पहिले फेब्रुवारी २००९ मधले, दंडाधिकाऱ्यांसमोरचे. बोलण्याची तुझ्यावर सक्ती नाही, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरले जाईल, असा इशारा देऊन आणि विचार करावयास अवधी देऊन ते नोंदविले गेले. त्यात प्रशिक्षण, सूत्रधार, 'कुबेर' नावेचे अपहरण, सारे तपशीलवार आहे. दुसरे २० जुलैचे, ज्याचा उल्लेख आरंभी केला. त्यात त्याने रेल्वे स्थानकावरील गोळीबार कबूल केला, परंतु हेमंत करकरे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हत्येचा भार मुख्यतः आपल्या मेलेल्या साथीदारावर, अबू इस्माईलवर टाकला. न्यायाधीशांनी ते नोंदवून घेतले, अंशतः कबुली म्हणून, आणि खटला पुढे चालू ठेवला. हेगच्या नियमांशी ताडून पाहिले तर, निःसंदिग्धतेच्या कसोटीवर ते तेथेही टिकले नसते. तिसरे १८ डिसेंबरचे. त्यात त्याने सारेच नाकारले : आपण चित्रपटांच्या ओढीने मुंबईत आलो होतो, पोलिसांनी हल्ल्याच्या आधीच आपल्याला पकडले होते, इत्यादी.

६ मे २०१० रोजी फाशी सुनावली गेली. त्याआधी त्याचे वकील के. पी. पवार यांनी त्याचे कोवळे वय आणि त्याच्या मनावर झालेला दहशतवादी संघटनेचा पगडा पुढे केला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती सी. के. प्रसाद यांच्या खंडपीठाने, त्यावर शिक्कामोर्तब केले.

हे निकालपत्र विलक्षण आहे, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे. न्यायालयाने नेमलेले ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांचे म्हणणे होते की, सुरुवातीच्या काळात आरोपीला वकील मिळाला नाही, म्हणून दंडाधिकाऱ्यांसमोरचा कबुलीजबाब ग्राह्य धरू नये. न्यायालयाने तो स्वेच्छेचाच ठरविला. का, तर तो भीतीने, हतबलतेने किंवा पश्चात्तापाने दिलेला नव्हता. आपण 'वतनपरस्त' आहोत, या देशाशी युद्ध करावयास आलो आहोत, आणि इतरांनी आपला कित्ता गिरवावा, या अभिमानाने तो दिलेला होता. ज्या अभिमानाने कबुलीची सत्यता सिद्ध झाली, त्याच अभिमानाने पुढे शिक्षेचा निर्णय केला. १६६ बळींच्या या अपराधात आरोपीच्या बाजूने जमेस धरण्यासारखी एकच गोष्ट न्यायालयाला दिसली, ती म्हणजे त्याचे तरुण वय. आणि पश्चात्तापाच्या पूर्ण अभावाने ती गोष्टही निष्प्रभ झाली, सबब सुधारणेची शक्यता उरली नाही, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणजे निवेदनाने शिक्षेवर परिणाम केला, आणि तो निर्णायक होता. फक्त तो आरोपीच्या विरुद्ध झाला. हेगच्या तराजूत फेब्रुवारीचा तो तपशीलवार जबाब 'सहकार्य' म्हणून जमेला पडला असता. आपल्या तराजूत त्यातला सूर तोलला गेला, आशय पुराव्याकडे गेला. यात न्यायालयाचे चुकले असे मी म्हणत नाही. डिसेंबरात सारे नाकारणाऱ्या माणसाच्या ठायी पश्चात्ताप शोधावा तरी कोठे? पण पश्चात्तापाचा अभाव हे माप एकदा वापरावयाचे ठरले, की पश्चात्ताप ओळखण्याची जबाबदारीही अंगावर येते, आणि ती न्यायासनाला पेलेल असे मला वाटत नाही. प्लाव्शिचबाईंच्या बाबतीत ती पेलली नाहीच.

याच खटल्यातली एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. राखीपौर्णिमेच्या दिवशी आरोपीच्या डोळ्यांत पाणी आल्याची बातमी पसरली आणि त्याला बहिणीची आठवण झाली असेल काय, अशी चर्चा वाहिन्यांवर रंगली. त्यावर निकम यांनी, हा तर तुरुंगात मटण बिर्याणी मागतो, असे पत्रकारांना सांगितले. देश संतापला. २०१५ साली जयपूर येथे निकम यांनी स्वतःच उघड केले की, बिर्याणीची गोष्ट त्यांनी रचलेली होती. आरोपीविषयी निर्माण होऊ पाहणारी भावनेची लाट मोडण्यासाठी त्यांनी ती सांगितली. सरकारी वकिलाने असे करावे काय, याविषयी माझे मत प्रतिकूल आहे, जळगावचा अभिमान बाजूला ठेवून. तथापि त्यांना कशाचे भय वाटले हे पाहण्यासारखे आहे. एका माणसाच्या डोळ्यांतले पाणी, ज्याचा अर्थ कोणालाही ठाऊक नव्हता, सबंध देशाच्या मनातील शिक्षेचे माप हलवू शकेल असे त्यांना वाटले.

आमच्या प्रायश्चित्त संस्कारातही तीन गोष्टी लागतात, असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली सांगितले : अनुताप, पापनिवेदन आणि भरपाई. अनुताप देवाच्या प्रेमापोटी असावा. परंतु केवळ त्याच्या शिक्षेच्या भयाने आलेला अपुरा अनुतापही संस्काराबरोबर पुरेसा मानला जातो. देवाच्या शिक्षेपेक्षा येथली शिक्षा बरी, हे २२ जुलैचे वाक्य मला निराळे का ऐकू आले, ते वाचकांच्या ध्यानात येईल. पापनिवेदनाच्या जाळीआड मी त्या वाक्याची किंमत केली असती, कारण तेथे माझ्या हाती ना फाशी असते ना सुटका. ते वाक्य खरे होते की युक्ती, हे मला ठाऊक नाही. पाच महिन्यांत तो माणूसच त्याच्यापासून दूर गेला. आणि ऑगस्ट २०१८ पासून आमचा कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथ देहान्त शिक्षा अग्राह्यच मानतो. तेव्हा त्या फाशीविषयी माझे मत काय आहे, हे वेगळे सांगावयास नको. मात्र तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ गोळ्या झेलत त्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली नसती, तर यातले एकही निवेदन झाले नसते, हेही मी विसरत नाही.

नाताळच्या सुमारास मी अधूनमधून धुळ्याच्या कारागृहात जातो. काही वर्षांपूर्वी तेथे खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेला एक मध्यमवयीन शेतमजूर भेटला. तो आमच्या धर्माचा नव्हता आणि ते पापनिवेदनही नव्हते, अंगणात उन्हाला बसून केलेले बोलणे होते; म्हणून लिहितो. न्यायाधीशांनी शिक्षेआधी त्याला विचारले होते, तुला काही सांगावयाचे आहे का? वकिलाने आदल्या दिवशी पढविले होते : म्हातारी आई आहे, लहान लेकरे आहेत, पहिलाच गुन्हा आहे, एवढे म्हण. हा उभा राहिला. समोरच्या बाकावर मयताची बायको बसली होती. तिच्याकडे पाहिल्यावर पढविलेले सगळे विसरलो, असे तो म्हणाला.

"मग काय सांगितलेस?" मी विचारले.

"मी काय सांगसू, फादर? मान हालवली, अन् खाली बसलो."

निकालपत्रात, त्याच्या वकिलाने मला नंतर सांगितले, एवढीच नोंद आहे : आरोपीस विचारले असता त्याने काही सांगावयाचे नाही असे सूचित केले.